चिठ्ठ्या नसलेल्या बरण्या

"वहिनी, जरा हा पाव हुंगून बघा बरं," असं म्हणत बेकरीवाल्याने पिशवीतला लांबट पाव काढला आणि थेट तिच्या नाकाखाली धरला.

सकाळची गर्दीची वेळ सोडून, हाताला लागलेल्या पिठासकट तो दोन जिने चढून वर आला होता. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. वहिनीने ओले हात पुसले, पाव हातात घेतला आणि डोळे मिटून चांगला लांब श्वास ओढला. पाव अजून कोमट होता. वरचे मिठाचे खडे नाकाच्या शेंड्याला टोचले. बाकी काही म्हणजे काही नाही. भिंत हुंगली असती तरी एवढंच कळलं असतं.

"छान आहे की," ती म्हणाली.

"छान?"

"म्हणजे... नेहमीसारखाच. खरपूस."

बेकरीवाला तिच्याकडे बघतच राहिला. बाई थट्टा करतेय की आपलंच डोकं फिरलंय, हे त्याला ठरवता येईना.

"अहो, ह्याला सर्दीच्या मलमाचा वास मारतोय! सकाळपासून लोकं परत आणून देतायत. शाळेतल्या बाई मला सगळ्यांसमोर विचारतात, हा पाव खायचा की छातीला चोळायचा?"

वहिनीची नजर आपोआप ओट्यावरच्या फळीकडे गेली. तिथे एका रांगेत सारख्या आकाराच्या, सारख्या झाकणांच्या, सारख्याच हिरवट-राखाडी मिठाने भरलेल्या बरण्या उभ्या होत्या. काय झालं ते तिला त्या क्षणी कळलं. पण ते सांगायचं तर त्यामागचंही सांगावं लागणार होतं.

"तिला काय विचारताय?" खिडकीपाशी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेल्या वन्संनी पान उलटलं. "चूक माझी आहे. माझ्या पायांच्या मिठाची बरणी मी नको तिथे ठेवली. तुम्हाला ती गेली."

"पायांच्या?" बेकरीवाल्याचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला.

"पाय बुडवायच्या आधीचं मीठ हो. नंतरचं नाही. निलगिरीचा पाला असतो त्यात. आजचे पाव टाकून द्या आणि उद्या सकाळी नवी बरणी घेऊन जा."

बेकरीवाला जरा घुटमळला. माणूस भला होता, उगाच आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. दारातून वळताना म्हणाला, "बघा बुवा. तुमच्या मिठाचा पाव म्हणून लोकं लांबून येतात. उद्याची बरणी बघतो. नाहीच जमलं तर सांगा, मी आपलं साधं मीठ लावत जाईन. राग मानू नका."

तो खाली उतरला. वन्संनी वर्तमानपत्राची घडी घातली. वहिनी पाव हातात धरून तशीच उभी राहिली, कारण तिला धक्का बसला होता तो बेकरीवाल्याच्या बोलण्याचा नव्हता. इतक्या वर्षांत वन्संनी एखादी चूक स्वतःच्या अंगावर घेतलेली तिने आज पहिल्यांदा पाहिली होती, आणि तीही त्यांची नसलेली.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कापडाच्या मोठ्या दुकानात काउंटरमागे उभं राहून सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीच्या दिवशी घरी आल्या त्या सुजलेले पाय आणि शाबूत जीभ घेऊन. दुकानात गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या, "हा रंग घेऊ नका, आजारी दिसाल." मालक कपाळाला हात लावायचा. गिऱ्हाईक रागाने निघून जायचं आणि पुढच्या खेपेला नेमकं वन्संच्याच काउंटरवर यायचं. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं ही अशक्य कोटीतली गोष्ट. फार झालं तर 'बरं आहे.' वहिनी नवी नवी ह्या घरात आली तेव्हा त्या 'बरं आहे'ने तिला रडू यायचं. नवरा समजूत घालायचा, "अगं, ताईने नाक मुरडलं नाही ना? मग बक्षीस मिळालं समज."

खरं तर वन्सं तिला 'तू' म्हणत आणि ती त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तरी अख्खी गल्ली 'वहिनी' म्हणते म्हणून त्याही वहिनीच म्हणत. भाऊ जाऊन काही वर्षं झाली. दोघींना जोडणारा माणूस गेला, पण दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या. वेगळं व्हायचं तर कुणीतरी तो विषय काढायला हवा होता आणि तो कुणी काढला नाही. एकीने स्वयंपाक करायचा, दुसरीने बाजार आणायचा. शनिवारी दुपारी वहिनीने घमेल्यात गरम पाणी ओतून त्यात पायांचं मीठ टाकायचं, वन्संनी पाय सोडून बसायचं आणि शेवटी म्हणायचं, "पाणी जरा कोमटच होतं."

मिठाचा हा उद्योग सुरू झाला तो नवऱ्यामुळे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत, हाताला ग्रीस लागलेलं असताना बसून जेवायचं, म्हणून डब्यात सुटसुटीत काहीतरी हवं असे. उकडलेलं अंडं, उकडलेला बटाटा, टोमॅटो. "तुझ्या हाताला चव आहे गं, पण ती डब्यात पोचत नाही," असं एकदा तो म्हणाला. मग तिने शेजारणीच्या कुंडीतल्या रोझमेरी नावाच्या सुवासिक झुडपाच्या छाटलेल्या काड्या मागून आणल्या, पानं ओरबाडून काढली आणि जाड्या मिठाबरोबर खलबत्त्यात कुटली. मिठाने पानांचं सगळं पाणी ओढून घेतलं आणि हिरवा, ओला गोळा झाला. तो तिने ताटात पसरून घरातल्या छोट्या ओव्हनची भट्टी मंद करून, दार किलकिलं ठेवून आत सारला. पहिल्यांदा करपला. दुसऱ्यांदा ओला राहिला आणि बरणीत बुरशी धरली. मग केव्हातरी तिला कळलं की हे घड्याळाचं काम नाही, नाकाचं आहे. आधी कच्चा हिरवा वास येतो, चिरलेल्या गवतासारखा. तो हळूहळू मरतो. मधे थोडा वेळ काहीच येत नाही, आणि मग पानाचा खरा वास मागून चालत येतो. तो आला की ताट बाहेर. त्या मधल्या वेळात घाई केली की सगळं फुकट.

पुढे रोझमेरीत थाइमचा बारीक पाला आला, लिंबाची किसलेली साल आली. फक्त पिवळी, पांढरी आली की कडू. पुदिन्याचं वेगळं, लसणाचं वेगळं. वन्संच्या पायांसाठी निलगिरीचं. गल्लीतल्या बेकरीवाल्याने एकदा चाखून बघितलं आणि पावावर लावायला मागितलं, तेव्हापासून त्याची दर आठवड्याची बरणी ठरलेली. ह्यातल्या एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. नवरा म्हणायचा, "नाव तरी लिही." ती म्हणायची, "झाकण उघडलं की कळतंय ना? घरच्या माणसाला रोज नाव विचारतं का कुणी?"

आणि मग ह्या थंडीत तिला ताप आला. ताप सात-आठ दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला.

आधी तिला वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली. साबण, चहा, ओली माती, जळक्या काडीचा धूर, सगळं एकसारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. काहींना येतो, काहींना नाही येत." एवढं मोघम बोलायला शिकायला किती वर्षं लागत असतील, असं तिच्या मनात आलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. हाताला सवय होती, डोळ्यांना रंग कळत होता, कोरडं झालं की मीठ ताटात कसं खुळखुळतं ते कानांना ठाऊक होतं. तेवढ्यावर ती रेटत राहिली. कुणाला कळलं असतं तर ही फळी रिकामी झाली असती आणि मग सकाळी उठून तिने करायचं काय? त्या मिठात नवरा होता. दर बरणी भरताना तिला वाटायचं, उद्याच्या डब्याची सोय झाली.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला त्याचा लोकरी कोट होता. कामावर जाताना घालायचा तो. त्या कोटाला त्याचा वास होता आणि तो वास ती पुरवून पुरवून वापरायची. कोट कधी पुरता उलगडायची नाही. चादरीचं टोक उचलायची, कॉलरीशी नाक न्यायची आणि लगेच झाकायची. तापानंतर तिने टोक उचललं तेव्हा काहीच आलं नाही. कोटातला वास संपला की आपलं नाक संपलं, हे तिला कळेना. आणि विचारायचं कुणाला? घरात नाक उरलं होतं एकच, तेही वन्संचं, आणि ते नाक बहुधा वरच असायचं.

"कधीपासून?" वन्संनी विचारलं.

वहिनी अजून पाव धरून उभी होती. "काय कधीपासून?"

"उगाच साळसूदपणा नको. वास कधीपासून येत नाही तुला?"

"तापापासून," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मागच्या आठवड्यात दूध उतू जाऊन करपलं. शेजारची धावत आली. तू त्याच खोलीत बसून बटण लावत होतीस. तेव्हा शंका आली. आणि परवा शनिवारी घमेल्यात पाय सोडले, तर खोलीभर भाजलेल्या बटाट्याचा वास. मी म्हटलं, पाय धुतेय की सूप करतेय?"

वहिनीला रडता रडता हसू फुटलं. "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तू मुद्दाम केलंस. मी पाणी कोमट म्हणते ना दर वेळी, त्याचा सूड. म्हटलं, चला, बाईला इतक्या वर्षांनी राग तरी आला." वन्सं उठल्या, तिच्या हातातला पाव घेऊन त्यांनी ओट्यावर ठेवला. "आता हा पाव आला तेव्हा उलगडा झाला. माझं पावात, पावाचं माझ्यात."

"म्हणजे तुम्ही पाय सोडून तसंच बसलात? त्या मिठात?"

"पाणी गरम होतं. फुकट कशाला घालवायचं?"

वहिनीला त्यांचे आभार मानायचे होते. बेकरीवाल्यासमोर झाकलंत म्हणून, विचारलंत म्हणून, सुपात पाय बुडवून गप्प बसलात म्हणूनसुद्धा. पण वन्संना आभार मानलेले चालत नसत. 'दुकानात आहोत का आपण?' म्हणून डाफरायच्या. म्हणून तिने एवढंच म्हटलं, "उद्याची बरणी तुम्ही कबूल करून बसलात. मी ती करायची कशी?"

"नेहमी करतेस तशी. हुंगायचं मी बघते."

"तुम्हाला ह्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. तू विचार, मी सांगेन. खोटं सांगणार नाही एवढं नक्की."

दुपारी वहिनीने रोझमेरी आणि थाइम धुऊन कापडावर पसरलं. पाण्याचा टिपूस राहता कामा नये म्हणून एकेक काडी टिपून घेतली. लिंबाची साल किसली. पानं ओरबाडली, मीठ घातलं, खलबत्ता घेऊन बसली. वन्सं आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, आता ह्या नाकाने कांदे सोलणार. फळीवरची एकेक बरणी उतरवून, झाकण काढून त्या वास घेत होत्या आणि फैसला सुनावत होत्या.

"लसूण. पुदिना. हा... हा पाव."

"रोझमेरी म्हणतात त्याला."

"मी पाव म्हणते. ही पाय. ही पण पाय. बाई, माझ्या पायांची फार काळजी करतेस तू, निम्मी फळी माझीच आहे."

ते खरंच होतं. वहिनी मान खाली घालून कुटत राहिली.

ताट भट्टीत गेलं आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. वन्सं किलकिल्या दाराशी वाकून उभ्या राहिल्या.

"कसा येतोय?"

"बरा."

"बरा म्हणजे काय, वन्सं? बरा असा वास नसतो. नीट सांगा."

"अगं, मला कुठे शब्द माहीत आहेत तुझ्या पाल्यापाचोळ्याचे!"

"मग तुमच्या शब्दांत सांगा."

वन्सं पुन्हा वाकल्या. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला, दुकानात कापडाचा पोत बोटांत धरून बघताना व्हायचा तसा. "मांजरपाट," त्या म्हणाल्या. "कोरं मांजरपाट. गाठोडं नुकतं फोडलंय, खळ तशीच आहे, पाण्यातून काढलेलं नाही."

वहिनीने ओळखलं. कच्चा वास. तिला तो दिसलाच. "बरोबर. अजून वेळ आहे. दार तसंच राहू द्या."

काट्याने मीठ उलटंपालटं केलं. थोड्या वेळाने वन्सं म्हणाल्या, "आता धुतलेलं सुती." मग पुष्कळ वेळ काहीच बोलल्या नाहीत.

"वन्सं?"

"काही येत नाहीये. गेलं वाटतं. करपलं का?"

"नाही, नाही! तीच मधली वेळ. थांबा. उघडू नका, बोलू नका, नुसत्या थांबा."

दोघी भट्टीसमोर उभ्या राहिल्या. खालून भंगारवाल्याची आरोळी आली, कुणाच्या तरी नळाचं पाणी वाजत राहिलं. वहिनीने नकळत वन्संचा दंड धरला होता आणि वन्संनी तो सोडवून घेतला नव्हता.

"लोकर," वन्सं हळूच म्हणाल्या. "उन्हात टाकलेली लोकर. गरम, आणि मागे कुठेतरी लिंबू."

"काढा! बाहेर काढा!"

ताट ओट्यावर आलं. वहिनीने बोटाने मीठ हलवलं, ते कोरडं खुळखुळलं. तिने चिमूट जिभेवर ठेवली. खारट तेवढं कळलं. बाकी सगळं तिला वन्संच्या तोंडावर बघावं लागलं, आणि त्या तोंडावर जे होतं ते तिने ह्या घरात कधी पाहिलं नव्हतं. वन्सं थक्क झाल्या होत्या.

"हे असं असतं होय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं आतल्या खोलीत बसून नुसता पंखा लावून घ्यायचे मी."

दुसऱ्या दिवशी बरणी वन्संनीच खाली नेऊन दिली. येताना पाव घेऊन आल्या. पावाचा तुकडा मोडून त्यांनी आधी हुंगला, मग वहिनीच्या हातात दिला. "चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि चपला काढायला वळल्या. वहिनीला वाटलं आपल्या कानांचंही काहीतरी झालंय.

खालून बेकरीवाला ओरडला, "वहिनी, पुढच्या आठवड्याला दोन बरण्या!"

अशा रीतीने त्या घराचं नाक वन्संकडे गेलं. दूध, गॅस, शिळी भाजी, ओला राहिलेला टॉवेल, सगळ्याचा निकाल त्यांनी द्यायचा. पूर्वी त्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतात म्हणून वहिनीला वैताग यायचा. आता तीच दिवसातून कितीदा तरी त्यांना हाक मारून नाक खुपसायला बोलावत होती. तिच्या मनात कृतज्ञता इतकी दाटून यायची की ती कुठे ठेवावी कळायचं नाही. मग ती वन्संच्या पाण्याची उष्णता कोपराने पुन्हा पुन्हा तपासायची.

शनिवारी तिने घमेलं भरलं. बरणी उघडून वन्संसमोर धरली.

"पाय," वन्सं म्हणाल्या. "टाक."

मीठ विरघळलं. वन्संनी पाय सोडले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पाणी आज बरोबर आहे."

त्या एका वाक्याने वहिनीला धीर आला. ती आत गेली, कपाट उघडलं आणि चादरीचं गाठोडं तसंच उचलून आणून वन्संच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"उघडा."

वन्संनी चादर बाजूला केली आणि त्यांचे हात थांबले. लोकरीवरून त्यांनी एकदाच तळवा फिरवला. "हा तू ठेवलायस? मला वाटलं, त्याचं सगळं देऊन टाकलंस. तेव्हा गाड्या भरभरून गेलं ना."

"हा नाही दिला."

"एकदाही बोलली नाहीस."

"तुम्हीही कधी विचारलं नाहीत."

वन्संचा तळवा लोकरीवरच राहिला. धाकट्याला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं होतं, त्याच्या पहिल्या पगाराआधीचे सगळे कपडे त्यांच्या दुकानातल्या तुकड्यांतून त्यांनीच शिवले होते. हे वहिनीला माहीत होतं. पण कोट चादरीत गुंडाळताना ते तिच्या मनात आलं नव्हतं. ह्या घरात एकाच माणसाचं दुःख दोघी दोन खोल्यांत वेगवेगळं करत बसल्या होत्या.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्याला अजून ह्यांचा वास येतो का, ते सांगा. मला कळत नाही. जे असेल ते सांगा, माझं मन राखू नका."

वन्संनी कोट पुरता उलगडला. वहिनीच्या तोंडून "हळू" निघून गेलं. त्यांनी कॉलरीशी नाक नेलं. मग खांद्यांशी, मग काखेत, मग बाहीच्या टोकाशी. किती वेळ त्या तशा कोटात तोंड घालून बसल्या. वर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज दुकानातलाच होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "कोटाला धाकट्याचा वास राहिलेला नाही. लाकडाचा आहे, कपाटाचा आहे, जुन्या लोकरीचा आहे. ग्रीससुद्धा उडून गेलंय."

वहिनीने मान हलवली. वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्यातच कुठेतरी छातीवरचं ओझंही उतरलं. म्हणजे एकट्या आपल्या नाकाने नवऱ्याला टाकलं नव्हतं. वास आपल्या वाटेने, आपली वेळ झाल्यावर गेला होता. हे तिला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. दुसऱ्या कुणीही 'येतो की' म्हणून सांगितलं असतं.

"थांब जरा," वन्सं म्हणाल्या. कोट हातात आला की त्यांची बोटं आपोआप अस्तर चाचपायची, ही दुकानातली खोड. डाव्या काखेखाली बोटं अडखळली. "इथे एक चोरखिसा आहे. मीच शिवून दिला होता त्याला. लिफ्टच्या खड्ड्यात वाकलं की वरच्या खिशातून वस्तू खाली पडतात म्हणायचा."

"मला माहीतच नाही."

"तुला कसं माहीत असणार? 'हळू' म्हणालीस तेव्हाच कळलं, तू कोट कधी उलगडलाच नाहीस."

त्यांनी अस्तरात बोटं घातली आणि खोकल्याच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी बाहेर काढली. कडेला गंज आला होता. वहिनीने ती ओळखली. डब्याबरोबर न्यायचं मीठ तो ह्यातून न्यायचा. शेवटच्या दिवसांत ती डबी कुठेच सापडली नव्हती आणि कुठल्यातरी गच्चीवर विसरली असेल म्हणून तिने शोध सोडला होता.

झाकण निघेना. वन्संनी नखाने उचकटलं. आत मीठ होतं, ओल धरून थिजलेलं, तपकिरी पडलेलं, अर्ध्याहून कमी. एका कडेला बोटांनी चिमूट घेतल्याचा खळगा तसाच राहिला होता.

वन्संनी डबी नाकाशी धरली. वहिनी त्यांच्या पुढ्यात, जमिनीवर, घमेल्याला टेकून बसली होती. तिने श्वास रोखला होता. तसा तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

"आधी गोळ्यांचा येतो," वन्सं सावकाश म्हणाल्या. "पत्र्याचा येतो. मग तुझी रोझमेरी. जरा जास्तच वाळवली होतीस तेव्हा."

"हो. तेव्हा कधीकधी चुकायचं."

"मग ग्रीस. आहे, अगदी बारीक आहे. बोटं न धुताच घालत असणार गधडा. आणि मग..." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत डबी होती. "आहे गं. इथे आहे तो."

कोटाला नाही म्हणालेल्या तोंडातून तो 'आहे' आला होता. वहिनीने त्यावर एकदाही शंका घेतली नाही.

तिने हात पुढे केला, त्या खळग्याच्या बाजूने नखभर मीठ खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. ते विरघळलं. खारट होतं, स्वच्छ, इतक्या वर्षांनीही तेवढंच खारट.

"मीठ मला कळतं, वन्सं," ती म्हणाली. "बाकीचं तुम्ही सांगा."

वन्संनी डबी पुन्हा नाकाशी नेली आणि सुरुवातीपासून सांगायला लागल्या. घमेल्यातलं पाणी केव्हाच गार झालं होतं, तरी त्यांनी पाय बाहेर काढले नाहीत.